भूल दिल्यावर नेमकं काय बंद पडतं? क्वांटम जाणिवेच्या दाव्यांवर एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

प्रश्न असा आहे: "मेंदूतली जाणीव चेतापेशींच्या विद्युतसंदेशांतून येत नाही, पेशींच्या आतल्या मायक्रोट्यूब्यूल नावाच्या नळ्यांमधल्या क्वांटम प्रक्रियांतून येते, आणि भुलीची औषधं हीच प्रक्रिया थांबवतात, असं वाचलं. नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ हे म्हणतोय. हे सिद्ध झालंय का? आणि खरं असेल, तर संगणकाला कधीच जाणीव येणार नाही असं समजायचं का?"

सिद्ध झालेलं नाही. मूळ स्वरूपात तर ते चुकीचं असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते. पण 'भंपक आहे, सोडून द्या' असं म्हणून हात झटकायचीही माझी तयारी नाही, कारण या वादातला सगळ्यात विचार करायला लावणारा पुरावा आमच्याच कामातून, भुलीच्या वायूंमधून, आलाय आणि तो अजून नीट पचलेला नाही. मी भौतिकशास्त्रज्ञ नाही. माणसांची शुद्ध घालवणं आणि ती सुखरूप परत आणणं हे माझं रोजचं काम. तेव्हा गणिताआधी ऑपरेशनच्या टेबलाकडून सुरुवात करतो.

शिरेतून प्रोपोफॉल हे भुलीचं औषध सोडलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात रुग्णाचं बोलणं वाक्याच्या मध्येच तुटतं. तासाभराने जागं केल्यावर बरेच जण विचारतात, "ऑपरेशन सुरू कधी करणार?" झोपेतून उठलेल्या माणसाला वेळ गेल्याची पुसट का होईना कल्पना असते, भुलीतून उठलेल्याला तीही नसते. मधला तास कापून काढून दोन टोकं जोडून टाकावीत तसं. आता गंमत अशी की या तासात मेंदू काही बंद नसतो. कानात टिकटिक वाजवली तर तिचा संकेत मेंदूच्या देठातून वर जाताना इलेक्ट्रोडवर दिसतो. चेतापेशी स्पंद सोडतच असतात, रक्तदाबाचं नियमन मंदावतं पण थांबत नाही. म्हणजे भूल हा मेंदूचा मेन स्विच नव्हे. बाकीचं बरंच चालू राहतं आणि जाणीव तेवढी जाते. इतक्या निवडकपणे बंद होणारं ते काय आहे? प्रत्येक भूलतज्ज्ञाला हा प्रश्न कधी ना कधी छळतो आणि बहुतेक जण ड्यूटी संपली की तो विसरतात. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठातले भूलतज्ज्ञ स्ट्युअर्ट हॅमरॉफ विसरले नाहीत. त्यांच्याशी माझे मतभेद पुढे येतीलच, पण प्रश्न त्यांनी योग्य जागी विचारला.

दुसऱ्या बाजूला तुम्ही म्हणता ते नोबेलविजेते, ब्रिटिश गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज. त्यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं ते कृष्णविवरांवरच्या कामासाठी; जाणिवेशी त्याचा काही संबंध नाही. हे आधीच सांगतो, कारण 'नोबेलविजेता म्हणतोय' हे वाक्य या विषयात फार पुढे पुढे करतं. १९८९ च्या पुस्तकात पेनरोज यांनी मांडलेला युक्तिवाद मुळात तर्कशास्त्रातला आहे. कुर्ट गोडेल यांनी १९३१ मध्ये दाखवून दिलं की अंकगणित सामावून घेणारी कुठलीही सुसंगत नियमावली घ्या, तिच्यात अशी विधानं निघतातच की जी खरी असतात, पण त्या नियमावलीतून सिद्ध करता येत नाहीत. पेनरोज म्हणतात, गणितज्ञाला मात्र त्यांचं खरेपण उमगतं. म्हणजे माणसाची समज कुठल्याही नियमावलीत, पर्यायाने कुठल्याही संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये, मावत नाही. मग निसर्गात असं काय आहे की जे आकडेमोडीच्या पकडीत येत नाही? ज्ञात भौतिकशास्त्रात त्यांना एकच फट दिसली: क्वांटम मोजमाप.

ही फट काय आहे ते सांगतो. क्वांटम सिद्धांतात एखादा कण एकाच वेळी 'इथेही आणि तिथेही' अशा मिश्र अवस्थेत असू शकतो. आपण मोजायला गेलो की तो कुठल्यातरी एकाच जागी सापडतो. मिश्र अवस्था मोडून एकच शिल्लक का राहते, याचं सर्वमान्य उत्तर शंभर वर्षांत मिळालेलं नाही. पेनरोज यांचं उत्तर गुरुत्वाकर्षणाचं आहे. वस्तुमान दोन ठिकाणी आहे म्हणजे अवकाशकाळाला दोन वेगवेगळे बाक आलेत. निसर्गाला हे फार काळ पेलत नाही. दोन बाकांमधल्या फरकाची ऊर्जा जितकी मोठी, तितकी ती अवस्था लवकर कोसळते. प्लँकच्या स्थिरांकाला त्या ऊर्जेने भागा, वेळ मिळते. एकटा इलेक्ट्रॉन युगानुयुगं तसाच राहू शकेल, धुळीचा कण मात्र क्षणार्धात ठरून जाईल. हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ लायोश दिओशी यांनी जवळपास हेच सूत्र स्वतंत्रपणे मांडलं होतं. इथपर्यंत ते भौतिकशास्त्र आहे. वादग्रस्त, पण तपासता येणारं. पेनरोज यांची खरी उडी पुढची: असं प्रत्येक कोसळणं म्हणजे अनुभवाचा एक कण.

हॅमरॉफ यांनी ते पुस्तक वाचलं आणि पेनरोज यांना पत्र लिहिलं. आशय असा, की तुमच्याकडे यंत्रणा आहे पण मेंदूत जागा नाही, आणि माझ्याकडे जागा आहे. ही जागा म्हणजे मायक्रोट्यूब्यूल. ट्यूब्यूलिन नावाच्या प्रथिनाचे मणी एकावर एक चढून धागा होतो, असे साधारण तेरा धागे शेजारी शेजारी लागून पोकळ नळी होते, बाहेरून सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाची. पाठ्यपुस्तकात या नळ्यांची कामं दोन: पेशीचा सांगाडा धरणं आणि मालवाहतुकीचे रूळ होणं. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या दोऱ्याही याच. हॅमरॉफ यांच्या मते चेतापेशीत त्या याहून जास्त काही करतात. कोट्यवधी ट्यूब्यूलिन मिळून एक मिश्र क्वांटम अवस्था धरून ठेवतात आणि साधारण २५ मिलिसेकंदांनी ती पेनरोज यांच्या नियमाने कोसळते. सेकंदाला चाळीस वेळा. मेंदूच्या गॅमा लहरींशी हा आकडा जुळतो. १९९० च्या दशकाच्या मध्यावर दोघांनी मिळून हा सिद्धांत मांडला. नाव 'ऑर्केस्ट्रेटेड ऑब्जेक्टिव्ह रिडक्शन', बोलीत ऑर्क-ओआर.

यातला गोडेलचा भाग मला सगळ्यात कच्चा वाटतो. त्या प्रमेयात 'सुसंगत' हा शब्द कळीचा आहे. नियमावली सुसंगत आहे हे खात्रीने माहीत असेल, तरच तिचं ते विधान खरं आहे असं म्हणता येतं. स्वतःच्या डोक्यातली नियमावली सुसंगत आहे याची हमी कोण देणार? गणितज्ञ चुकतात, सिद्धता मागे घेतात. बहुतेक तर्कशास्त्रज्ञांचा आक्षेप हाच आहे, आणि त्याचं समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेलं नाही. तेव्हा तुमच्या संगणकाच्या प्रश्नाचं एक उत्तर इथेच देऊन टाकतो: संगणकाला जाणीव येईल की नाही हे मला सांगता येणार नाही, पण 'गोडेलमुळे येणारच नाही' हे कारण टिकत नाही. शिवाय ऑर्क-ओआर खरा ठरला तरी त्यातून एवढंच निघेल की आजच्या पद्धतीच्या चिपमध्ये जाणीव नाही. जिथे तशी कोसळण्याची क्रिया घडवून आणता येईल, अशा यंत्राला तो सिद्धांत स्वतःच दार उघडं ठेवतो.

आता उष्णतेचा मुद्दा. अतिवाहक सर्किटांवर चालणारे क्वांटम संगणक निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या तापमानात ठेवावे लागतात, कारण भोवतालच्या अणूंचा एक धक्का लागला की मिश्र अवस्था विस्कटते. याला डिकोहिअरन्स म्हणतात. मेंदू ३७ अंश सेल्सिअसला, खारट पाण्यात, धक्काबुक्कीत चालतो. २००० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी हिशेब मांडला: मायक्रोट्यूब्यूलमधली अशी अवस्था सेकंदाच्या दहा लाख कोटींच्या एका भागात मोडेल. सिद्धांताला हवेत २५ मिलिसेकंद. तूट पंचवीस हजार कोटी पटींची. हॅमरॉफ यांच्या बाजूने २००२ मध्ये प्रत्युत्तर आलं की टेगमार्क यांनी नळीचं चित्र चुकीचं धरलंय, योग्य धरलं तर हा काळ सेकंदाच्या एक लाखाव्या ते दहा हजाराव्या भागापर्यंत जातो. मोठी सुधारणा, पण त्यांचेच आकडे घेतले तरी २५ मिलिसेकंद अजून शेकडो पट लांब.

इथे सिद्धांताचे समर्थक दोन उदाहरणं हमखास देतात, आणि दोन्हींची किंमत सारखी नाही. पहिलं प्रकाशसंश्लेषणाचं. २००७ मध्ये हिरव्या गंधक-जिवाणूंच्या प्रथिनात ऊर्जा क्वांटम लहरींसारखी पसरते असं दिसलं आणि 'उबदार जीवसृष्टीत क्वांटम' असा गाजावाजा झाला. प्रयोग उणे १९६ अंशांना केलेला होता, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या लहरींचा बराचसा अर्थ साध्या आण्विक कंपनांत निघाला. हे उदाहरण आता जपूनच वापरावं. दुसरं स्थलांतरी पक्ष्यांचं, आणि ते खरोखर तगडं आहे. युरोपीय रॉबिनच्या डोळ्यात क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं. प्रकाश पडला की त्यात दोन एकटे इलेक्ट्रॉन तयार होतात आणि त्यांच्या स्पिनची (स्पिन म्हणजे कणाचा अंगभूत गुण, ज्यामुळे तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो) जोडी पृथ्वीच्या क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही बदलते. २०२१ मध्ये रॉबिनचं हे प्रथिन परीक्षानळीत चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देतं हे दाखवलं गेलं. पक्षी त्याचाच होकायंत्र म्हणून वापर करतो याची साखळी अजून पूर्ण जुळलेली नाही, पण ती जुळेल असं मानणारे बरेच आहेत.

दोन्हींत फरक का पडतो? कारण स्पिन ही फार अलिप्त गोष्ट आहे. अणूंच्या धक्काबुक्कीत अणूची जागा बदलते, कंपन बदलतं, ऊर्जा बदलते. स्पिनला मात्र ती गर्दी सहसा जाणवत नाही, त्याला चुंबकीय हात लागावा लागतो. एमआरआय चालतं ते याचमुळे: तुमच्या शरीरातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांचे स्पिन ३७ अंशांना सेकंदाच्या काही अंशांपर्यंत, कधी सेकंदापर्यंतही ताल धरून राहतात आणि आपण त्यांचा आवाज ऐकतो. म्हणून या सगळ्या विषयावर माझं मत विचाराल तर ते असं: मेंदूत क्वांटम प्रक्रियेला काही खरं काम असेलच, तर ते स्पिनकडे असेल. नळ्यांमधल्या प्रथिनांनी एकाच वेळी दोन आकार धारण करण्यातून ते निघेल असं मला वाटत नाही. आणि हे मत मी भौतिकशास्त्रातून उसनं घेतलं असलं तरी घट्ट झालं ते भुलीमुळे.

भूल कशी काम करते यावर दीडशे वर्षांहून जास्त वाद आहे. इथरची जाहीर चाचणी झाली १८४६ मध्ये. १८९९ मध्ये हान्स मायर आणि १९०१ मध्ये अर्नेस्ट ओव्हरटन यांना एक विलक्षण संबंध सापडला: जो वायू ऑलिव्ह तेलात जितका जास्त विरघळतो, तितकी त्याची भूल जोरदार. इतके वेगवेगळ्या बांधणीचे रेणू, आणि सगळे एकाच रेषेवर! मग ऐंशी वर्षं सगळ्यांना वाटलं की पेशीच्या आवरणातल्या चरबीत हे वायू मुरतात आणि पेशी बधिर होते. १९८४ मध्ये निकोलस फ्रँक्स आणि विल्यम लीब यांनी काजव्याला उजेड देणारं प्रथिन घेतलं, त्यात चरबीचा अंशही नव्हता, आणि भुलीचे वायू त्या प्रथिनालाही अगदी त्याच क्रमाने थांबवतात हे दाखवलं. म्हणजे खेळ प्रथिनातल्या तेलकट खळग्यांचा आहे. हॅमरॉफ इथेच आपला खुंटा ठोकतात: असे खळगे ट्यूब्यूलिनमध्येही आहेत, तिथे अडकून वायू क्वांटम हालचाल गोठवतात.

पण खळगे बऱ्याच प्रथिनांत असतात. कुठला महत्त्वाचा, हे कसं ठरवायचं? एक खळगा बदलून बघायचा. २००३ मध्ये नेमकं हे झालं. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरच्या (रिसेप्टर म्हणजे रासायनिक संदेश पकडणारं पेशीवरचं प्रथिन) एका उपघटकात, २६५ व्या जागी, एकच अमिनो आम्ल बदललेले उंदीर तयार केले गेले. बाकी उंदीर तोच, नळ्या त्याच. या उंदरांवर प्रोपोफॉल आणि एटोमिडेट ही शिरेतून द्यायची भुलीची औषधं जवळजवळ निकामी ठरली: पाय चिमटला तर ओढून घ्यायचे, आणि नेहमीच्या मात्रेला आडवे पडले तरी लवकर उठायचे. मी रोज जे औषध शिरेतून सोडतो, त्याचं काम एका रिसेप्टरवरच्या एका अमिनो आम्लावर इतकं अडलेलं आहे. नळ्यांना यात भूमिका उरतच नाही. प्रोपोफॉलपुरता वाद मला संपल्यासारखा वाटतो.

वायूंचं मात्र तसं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच उंदरांवर हॅलोथेन, एनफ्लुरेन थोडेच कमी परिणामकारक झाले. वायू एकाच वेळी अनेक ठिकाणी हात घालतात. केटामाइन, नायट्रस ऑक्साइड आणि झेनॉन हे प्रामुख्याने चेतापेशींना उत्तेजित करणारा एनएमडीए रिसेप्टर अडवतात, आणि केटामाइनखालचा माणूस तर डोळे उघडे ठेवून भलत्याच जगात फिरून येतो. 'भूल म्हणजे एकच गोष्ट' हे गृहीतकच ढिलं आहे, आणि जी गोष्ट एक नाही तिचं एकच क्वांटम कारण शोधणं मला अवघड वाटतं.

नळ्यांच्या विरोधात माझ्या बाजूचे आणखी दोन मुद्दे. मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी ६,९०० कोटींच्या आसपास लहान मेंदूत असतात. नळ्या तिथेही ठासून भरलेल्या आहेत. तरी लहान मेंदू जन्मतःच नसलेली माणसं जागी, बोलती असतात. चाल अडखळते, उच्चार जड येतो, जाणीव शाबूत. जाणीव नळ्यांच्या संख्येतून येत असती तर हे कोडं झालं असतं. पेशी एकमेकींशी कशा जोडल्या आहेत यातून येत असेल तर कोडं नाही, कारण लहान मेंदूची जोडणी फार वेगळी, बरीचशी एकाच दिशेने जाणारी आहे. दुसरा मुद्दा आम्हाला कॅन्सरच्या रुग्णांत दिसतो. पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिनक्रिस्टिन ही औषधं थेट मायक्रोट्यूब्यूलवर काम करतात, एक त्यांना गोठवतं, दुसरं मोडतं. रुग्णाच्या हातापायांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, कारण लांब नसांमधली वाहतूक बिघडते. शुद्ध जात नाही. मात्र हा मुद्दा मी फार ताणत नाही: ही औषधं रक्तातून मेंदूत फारशी शिरतच नाहीत.

आणि तो अडसर ओलांडणारं औषध वापरल्यावर काय झालं? हा प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. एपोथिलोन बी हे नळ्यांना स्थिर करणारं आणि मेंदूत पोचणारं औषध. ते दिलेल्या उंदरांना आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू हुंगवल्यावर शुद्ध हरपायला सरासरी ६९ सेकंद जास्त लागले. हॅमरॉफ यांच्या बाजूने हा आजवरचा सगळ्यात सरळ निकाल आहे आणि तो नाकारण्याचं मला कारण दिसत नाही. पण त्यातून निघतं काय? नळ्यांची स्थिती बदलली की पेशीतली वाहतूक, सायनॅप्सची (दोन चेतापेशींमधल्या सांध्याची) ठेवण, रिसेप्टरांची ये-जा असं बरंच काही बदलू शकतं. भूल थोडी उशिरा लागण्यासाठी यातलं काहीही पुरे आहे. मला विचाराल तर तब्येत, वय, भीती, आदल्या दिवसाची औषधं यांनीही भूल लागायला लागणारा वेळ बदलताना मी पाहिलाय. ६९ सेकंदांत 'क्वांटम' कुठे लिहिलेलं नाही. त्याच वर्षी ट्यूब्यूलिनमधल्या ट्रिप्टोफॅनच्या जाळ्यात अतिनील प्रकाशाचं एकसाथ उत्सर्जन दिसल्याचा निबंधही आला. सुंदर भौतिकशास्त्र आहे, पण जाणिवेपर्यंतचा रस्ता त्यात मला दिसला नाही.

पेनरोज यांच्या अर्ध्या भागाचीही दरम्यान परीक्षा झाली. मिश्र अवस्था गुरुत्वाकर्षणाने आपोआप कोसळत असतील, तर त्या कोसळताना विद्युतभारित कणांना बारीक हिसके बसतील आणि त्यातून मंद प्रारण निघेल. इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली, वैश्विक किरणांपासून आडोशाला, जर्मेनियमच्या शोधकाने ते शोधलं गेलं. अपेक्षेइतकं सापडलं नाही, आणि दिओशी-पेनरोज प्रतिमानाचं सगळ्यात साधं रूप बाद झालं. २०२२ मध्ये याच निकालांवरून, खुद्द दिओशी सहलेखक असताना, ऑर्क-ओआरची त्या रूपातली मांडणी टिकणं फार कठीण आहे असा निष्कर्ष निघाला. पेनरोज यांच्या स्वतःच्या मांडणीत असं प्रारण निघणं अपेक्षितच नाही, असा बचाव शिल्लक आहे. असेल, पण मग ती मांडणी तपासायची कशी, याचं ओझं त्यांच्यावर येतं.

बाकीच्या क्वांटम सिद्धांतांना इतका वेळ द्यायची गरज नाही. नोबेलविजेते मेंदूवैज्ञानिक जॉन एकल्स आणि भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिक बेक यांनी १९९२ मध्ये सुचवलं की सायनॅप्समधून रसायनाची पुडी सुटते की नाही हे क्वांटम बोगद्यातून, म्हणजे पुरेशी ऊर्जा नसतानाही कण अडथळ्यापलीकडे निसटण्यातून, ठरतं. पुडी सुटणं बेभरवशाचं असतं हे खरं. त्यासाठी साधी उष्णतेची थरथर पुरते. माणसाच्या मनाने पाहिल्यावरच क्वांटम अवस्था ठरते ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी १९६१ मध्ये मांडली आणि पुढे स्वतःच सोडून दिली. 'मन लावलं की वास्तव बदलतं' असं सांगणाऱ्यांना हा दुसरा भाग ठाऊक नसतो. क्वांटम प्रयोगात 'पाहणं' म्हणजे कुठल्याही उपकरणाशी टक्कर, तिथे माणूस लागत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ मॅथ्यू फिशर यांचा २०१५ चा प्रस्ताव मात्र वेगळा आहे, कारण त्यांनी नळ्या बाजूला ठेवून स्पिन धरला. फॉस्फरसच्या केंद्रकाचा स्पिन अर्धा असतो, म्हणून तो भोवतीच्या विद्युत गोंधळापासून विशेष सुरक्षित. कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या छोट्या गोळ्यांत, पोस्नर रेणूंत, तो बराच काळ जपला जाईल आणि दूरच्या चेतापेशी त्यातून जोडल्या जातील, अशी ती कल्पना. नंतरच्या गणितांनी पोस्नर रेणूंची ही क्षमता बरीच खाली आणली. पण फिशर यांनी लक्ष वेधलेला एक जुना प्रयोग डोक्यात राहतो: १९८६ मध्ये लिथियमच्या दोन समस्थानिकांनी उंदीर-मातांच्या पिल्लं सांभाळण्यावर वेगवेगळा परिणाम केल्याचं दिसलं होतं. लिथियम मनोविकारांत वापरतो ते औषध. रासायनिकदृष्ट्या दोन्ही समस्थानिकं सारखीच. फरक वजनाचा आणि केंद्रकाच्या स्पिनचा.

आणि मग झेनॉन. हवेच्या एक कोटी भागांत एक भागही नसलेला हा निष्क्रिय वायू कुणाशी सहसा रासायनिक बंध करत नाही, शरीरात त्याचं काही होत नाही, आणि तरी तो उत्तम भूल देतो. १९५१ मध्ये तो माणसांवर वापरला गेला. शुद्ध हरपते आणि वायू जसा आत गेला तसा श्वासातून बाहेर येतो. २०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी त्याची चार समस्थानिकं उंदरांना वेगवेगळी हुंगवली. १३२ आणि १३४ या वजनांच्या केंद्रकांना स्पिन नसतो; १२९ आणि १३१ यांना असतो. स्पिन असलेल्यांची भूल कमी जोरदार निघाली. इलेक्ट्रॉनांची मांडणी तीच, आकार तोच, तेलात विरघळणं तेच. मायर-ओव्हरटनच्या रेषेवर चारही एकाच बिंदूवर बसायला हवेत, आणि बसत नाहीत. रॉबिनच्या क्रिप्टोक्रोमसारखी इलेक्ट्रॉनांची जोडी इथेही काम करत असेल, असं एक स्पष्टीकरण २०२१ मध्ये सुचवलं गेलं. झेनॉनच्या प्रयोगाचा २०१८ चा निबंध मी तीन वेळा वाचला. पहिल्यांदा चूक शोधायला.

समजा हे सगळं पक्कं झालं, स्पिनने भुलीचा जोर बदलतो हे मान्य झालं. त्याने जाणिवेचं कोडं सुटतं का? माझ्या मते नाही. यंत्रणेतलं एक चाक क्वांटम निघालं एवढंच कळेल. लाल रंग 'लाल' का वाटतो, दुखणं 'दुखतं' का, याला तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये अवघड प्रश्न म्हटलं, आणि 'कारण स्पिन' हे त्याचं उत्तर 'कारण गाबा' याहून एक पाऊलही पुढे नाही. अर्थात चेतापेशींच्या बाजूच्या सिद्धांतांनीही छाती फुगवू नये. मेंदूतली जाणिवेची खूण २५ वर्षांत सापडेल अशी पैज मेंदूवैज्ञानिक क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये चामर्स यांच्याशी लावली होती आणि २०२३ मध्ये ती हरल्याचं मान्य करून वाइन दिली. तरी त्या बाजूकडे एक गोष्ट आहे जी क्वांटमवाल्यांकडे नाही: रुग्णाच्या बिछान्याशी नेता येईल असं माप. मेंदूला डोक्याबाहेरून चुंबकीय ठोका द्यायचा आणि उमटलेल्या लहरी किती गुंतागुंतीच्या आहेत ते मोजायचं. जागेपणी प्रतिध्वनी लांबवर, वेगवेगळ्या रूपांत पसरतो. प्रोपोफॉलखाली तो जागच्या जागी विझतो. केटामाइनखाली, माणूस निपचित दिसत असूनही आत स्वप्नं चालू असतात तेव्हा, तो जागेपणासारखाच राहतो. 'आत कोणी आहे का' हे मला रोज ठरवावं लागतं, आणि त्यासाठी मला तरी यापेक्षा उपयोगी काही दिसलेलं नाही.

आणखी एक दृश्य. महाधमनीच्या काही शस्त्रक्रियांत रुग्णाला १८ अंशांच्या आसपास थंड करून रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात. मेंदूलेख सपाट होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ऊब देत परत आणलं की तोच माणूस, त्याच आठवणींसह जागा होतो. माणसाचं 'तो'पण कुठल्यातरी अखंड चालू ठेवाव्या लागणाऱ्या नाजूक अवस्थेत साठवलेलं असतं, तर ते या थांब्यातून वाचलं नसतं. ते जोडणीत असावं. जाणीव विश्वात विरून परत आली, असं कोणी म्हणेल. मला तशी गरज वाटत नाही.

मग माझं मत कशाने बदलेल? झेनॉनने. तो प्रयोग दोन-तीन स्वतंत्र प्रयोगशाळांत, कुठल्या नळकांड्यात कुठलं समस्थानिक आहे हे मोजणाऱ्याला न सांगता, पुन्हा व्हायला हवा. आणि सोबत तीच समस्थानिकं काचेच्या बशीतल्या नुसत्या एनएमडीए रिसेप्टरवर सोडून बघायला हवीत. बशीतही १२९ आणि १३२ मध्ये तोच फरक दिसला, तर स्पिनचा खेळ रिसेप्टरपाशीच आहे आणि नळ्यांना त्यात आणायचं कारण नाही. बशीत फरक शून्य आणि जिवंत उंदरात मात्र ठळक, असं निघालं, तर हे उत्तर मला खोडून नव्याने लिहावं लागेल.